उसना आवाज

लीगायाने आल्याच्या काढ्याचा शेवटचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि कानांवर हेडफोन चढवले. समोरच्या पडद्यावर तिचाच चोविशीतला चेहरा उभा होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. जुन्या सिनेमाची प्रिंट कुठल्याशा गोदामात सापडली होती. चित्र धुऊनपुसून लख्ख झालं होतं, पण एका प्रसंगाचा आवाज पार कुजून गेला होता. तेवढा प्रसंग पुन्हा बोलायला हवा होता.

"घाई नाही हं, टीटा," काचेपलीकडून बेआ म्हणाली. सिनेमा दुरुस्त करणारी ही पोरगी नातीच्या वयाची. मनिलातल्या सगळ्या तरुण मंडळींसारखी तीही लीगायाला टीटा, म्हणजे मावशी म्हणायची. "नाहीच जमलं तर ती नाटकातली मुलगी आहे आपल्याकडे. कोवळा आवाज आहे तिचा."

"न जमायला काय झालं? तोंड माझंच आहे ना?"

हे ठणकावून सांगायला तिला पन्नास वर्षं लागली होती. त्या काळी चित्रीकरण मुकंच व्हायचं आणि आवाज मागाहून भरायचे. लीगाया बोहोल बेटावरची. तिचं तागालोग, म्हणजे मनिलाची भाषा, ऐकून निर्मात्याने कपाळाला हात लावला होता. चेहरा राणीचा आणि बोलणं मोलकरणीचं, असं तो चारचौघांत म्हणाला, कारण सिनेमात तसा हेल काढून बोलत त्या फक्त मोलकरणीच. मग नेनिता नावाची रेडिओवरची बाई आली आणि सुरुवातीच्या सगळ्या सिनेमांत लीगायाच्या तोंडून तीच बोलली. पुढे लीगाया तागालोग घोटून घोटून शिकली, नायिकेची आई झाली, मग आजी झाली, बक्षिसांनी कपाट भरलं. पण ज्या सिनेमाने तिला नाव मिळवून दिलं, त्यात तिचा एक शब्द नव्हता. ही सल काही जाता जात नव्हती. आज निदान एका प्रसंगात तरी आपला आवाज राहावा, म्हणून ती हट्टाने आली होती.

बेआच्या बाजूला सोफ्यावर लीगायाची थोरली बहीण तिबांग अंग चोरून बसली होती. ती नुकतीच बोहोलहून राहायला आली होती आणि मनिलातलं काहीही तिच्या पसंतीला उतरत नव्हतं.

"माणसांची खोली आहे की मासळी ठेवायची?" शाल ओढत ती म्हणाली. "ओसांग, आवर गं बाई. गोठायला झालं."

ओसांग हे लीगायाचं घरचं नाव. त्या नावाने हाक मारणारं आता हे एवढंच माणूस उरलं होतं.

"टीटा, तुमच्या आईची ती गोष्ट सिनेमाच्या आधी दाखवायची का?" मशीन जुळवता जुळवता बेआने विचारलं.

त्या गोष्टीशिवाय लीगायाची मुलाखत पुरी होत नसे. आईची दृष्टी तेव्हा गेली होती. तरी ती बोहोलमधल्या तागबिलारान शहराच्या थिएटरात हा सिनेमा नुसता ऐकायला गेली, आणि लेकीचं बोलणं कानावर पडताच तिच्या डोळ्यांना धार लागली. गेल्या रविवारीच लीगायाने टीव्हीवर ती सांगितली होती आणि निवेदिकेने रुमाल काढला होता.

"दाखव की. लोकांना आवडते."

बेआने मान डोलावली आणि मग तिचा हात थांबला. "पण टीटा... या सिनेमात तर नेनिताचा आवाज होता ना?"

इतक्या वर्षांत, इतक्या जणांना सांगताना, हे लीगायाच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. उसन्या आवाजाचं दुःख तिने फक्त स्वतःपुरतं जपलं होतं. आईला पडदा दिसत नव्हता, तिला नुसतं ऐकू येत होतं, हे समोर असूनही तिला दिसलं नव्हतं.

तिने हेडफोन उतरवले आणि दार ढकलून ती बाहेर आली.

"ताई, तू होतीस ना तेव्हा आईबरोबर?"

"होते की."

"आई रडली, असं तूच कळवलं होतंस."

"रडलीच होती. खोटं नाही लिहिलं."

"का रडली?"

तिबांगने शाल नीट केली. नीट होती तीच पुन्हा नीट केली.

"सारखी विचारत होती, ओसांग कधी येणार? मी म्हटलं, अगं, ही काय समोर, बोलतेय नाही का? तर म्हणाली, ही नव्हे. मला लेकीचा आवाज कळत नाही होय? सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. ही उठेना. खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसली. म्हणे, थांब गं, अजून ओसांग आली नाही. झाडूवाला आला, तेव्हा रडायला लागली."

बेआ उगाच फोनमध्ये डोकं घालून बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"आली असतीस तर सांगितलं असतं," तिबांग म्हणाली. "असलं पत्रात काय लिहायचं? तुझं शूटिंग संपेना. मग आईच संपली."

लीगायाला राग आला. ताईचा आला, नेनिताचा आला, कधीच मरून गेलेल्या निर्मात्याचा आला, आणि फिरून फिरून तो तिच्यापाशीच येऊन बसला. बोटीचा एवढासा प्रवास. एकदा जाऊन आईशेजारी बसून काहीबाही बडबडली असती तरी पुरे होतं.

ती आत गेली. "लाव," बेआला म्हणाली.

प्रसंग साधा होता. नायिका खूप वर्षांनी गावी परतते आणि बंद दारापुढे उभी राहून हाक मारते. पहिल्यांदा लीगायाची घाई झाली. मग आवाज फाटला. मग ओठ पुढे गेले आणि शब्द मागे राहिले. बेआ न कंटाळता पुन्हा पुन्हा लावत राहिली. शेवटी लीगायाने ते घोटीव उच्चार सोडून दिले. तागालोगच बोलली, पण बोहोलचा हेल येऊ दिला. मोलकरणीचा तर मोलकरणीचा.

"आहे का गं कुणी घरात? दार उघडा. मी आले."

शब्द ओठांवर चपखल बसले. बेआने ते बाहेरच्या स्पीकरवर लावलं. पडद्यावरची चोविशीतली पोर हाक मारू लागली आणि तिच्या तोंडून एक दमलेली, जराशी घोगरी म्हातारी बोलली.

सोफ्यावर तिबांगला डुलकी लागली होती. ती दचकून उठली.

"आले गं आई, आले," असं पुटपुटत ती अनवाणीच दाराकडे निघाली. मग भानावर आली, काचेकडे पाहून ओशाळली. "मेली झोप," म्हणाली.

लीगाया काचेआड जागची हलली नाही. तिने खुणेने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"सुरेख आलंय, टीटा," बेआ जपून म्हणाली. "वय जरा जाणवतं, पण मशीनवर काढून टाकू आपण."

"हात लावू नकोस त्याला." लीगाया बाहेर आली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही. "सिनेमात त्या नाटकातल्या मुलीचा आवाज घाल. हा मला दे."

"पण टीटा, तुमचाच आवाज हवा म्हणून तर आपण—"

"तो माझा कुठे आहे?" लीगाया म्हणाली, आणि बहिणीच्या चपला शोधायला सोफ्याखाली वाकली.