चंद्राच्या दक्षिण टोकाचा फोटो

“गाढवाला मंगळ म्हणजे फक्त वार वाटतो,” थोरला पुटपुटला. “सोमवार संपला की आपोआप येणारा.”

तो हे हातातल्या मेणाच्या जबड्याला सांगत होता. पण शेजारी पॉलिशच्या चाकावर कवळी धरून बसलेल्या त्याच्या बायकोला हे बोलणं कुणासाठी आहे ते पक्कं ठाऊक होतं. ज्याच्यासाठी होतं तो धाकटा भाऊ त्याच खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, दोघांकडे पाठ करून प्लास्टर कालवत होता. त्याने हात पुसले, फोन उचलला, अंगठे आपटले. लगेच थोरल्याच्या फोनमधून एका बाईचा सपाट आवाज आला, “कुलूप म्हणतात, दुर्बीण यांनी मंगळाचं नंतर बघावं. आधी स्वतःच्या फोनला पासवर्ड लावायला शिकावं.”

“पासवर्ड चोर लावतात,” थोरला जबड्याला म्हणाला.

थोरला हल्ली मेसेज वाचत नसे, फोनला वाचायला लावून ऐकत असे. हात मेणाने बरबटलेले असतात म्हणून, असं त्याचं म्हणणं. हात तर लग्नाआधीपासून बरबटलेलेच होते. त्याला काही लिहायचं असलं तरी तो फोन तोंडाशी धरून बोलायचा आणि फोन लिहून घ्यायचा. त्यामुळे या दोघांचं भांडण खोलीत मोठ्याने चालायचं, फक्त एकमेकांशी नाही.

दातांची ही लॅब दोघांची. डॉक्टर लोक तोंडांची मापं पाठवत, धाकटा त्यावरून प्लास्टरचे साचे ओते, थोरला साच्यावर मेणात दात मांडे, आणि कवळी तयार झाली की बायको ती घासून चकचकीत करी. जगाची तोंडं नीट बसवण्यात दोघांचा जन्म गेला. आपसातली तोंडं मात्र एका युद्धाने बंद केली. युद्ध दोन परक्या देशांचं. ते नकाशात कुठे आहेत हे दाखवायलाही दोघांना चष्मा लागला असता. ‘खुला मंच’ नावाच्या फोनवरच्या गटात शे-दोनशे माणसं दिवसभर एकमेकांना अक्कल शिकवत असत, तिथे थोरल्याने ‘दुर्बीण’ या टोपणनावाने एका देशाची बाजू घेतली आणि धाकट्याने ‘कुलूप’ या नावाने दुसऱ्याची. पुढे त्या देशांनी तह केला, हात मिळवले, फोटो काढले. भावांपर्यंत तह पोचलाच नाही.

तेव्हापासून ‘दुर्बीण’ म्हणे, माणसाने चंद्र-मंगळ गाठलेच पाहिजेत, आणि ज्याचं मन साफ आहे त्याला लपवायला काही नसतं. ‘कुलूप’ म्हणे, आधी पृथ्वीवरची घाण काढा, आणि माणसाने काय झाकावं हे त्याचं त्याने ठरवावं. सूर्य कुठून उगवतो यावर दुर्बीण बोलली असती तर कुलुपाने पुरावा मागितला असता. लॅबमध्ये मात्र सगळा कारभार थोरल्याच्या बायकोमार्फत चाले.

“वहिनी, त्यांना सांगा वरच्या जबड्याचा साचा सुकलाय.”

“अहो, साचा सुकलाय म्हणतायत.”

“त्याला म्हणावं, ऐकू येतं मला.”

ऐकू येत होतं, हे खरंच. दिसत नव्हतं.

हे कुणी बोललं नव्हतं. पण त्याने मांडलेले दात गेल्या वर्षापासून बिथरलेल्या वरातीसारखे चालत होते. एक पुढे, एक मागे, एखादा तर सरळ रस्ता सोडून. पहिली कवळी परत आली तेव्हा त्याने डॉक्टरला शिव्या दिल्या. दुसरी आली तेव्हा तिने ठरवलं की तिसरी येऊ द्यायची नाही. मेणाचं काम त्याने पुरं केलं की ती ते ताटलीत घेऊन “धुऊन आणते हं” म्हणत उठायची आणि सिंकवर ठेवायची. थोड्या वेळाने धाकटा हात धुवायला जायचा. परत येताना ताटली त्याच्या टेबलावर यायची. तो खाली मान घालून दात उपटायचा, पुन्हा मांडायचा, आणि अंगठ्यांनी त्याच भावाला गटात मूर्ख ठरवायचा. दोन्ही कामं सारखीच मनापासून. तिने कधी त्याच्याकडे बघून मानसुद्धा हलवली नाही, त्यानेही नाही. आभार मानले असते तर कशाबद्दल हे बोलावं लागलं असतं.

सासऱ्यांचं असंच झालं होतं. कडेकडेने अंधारत जाऊन शेवटी ते आपल्याच हातच्या कवळ्या बोटांनी चाचपत बसायचे. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आला असतात तर राहिलं होतं तेवढं वाचलं असतं. ते वाक्य ती रोज भांड्यांसोबत घासायची. नवऱ्याला मात्र तिने एकदाच, तेही आडून, म्हटलं होतं, “एकदा डोळे दाखवून येऊ या का?” त्याने त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि चष्मेवाल्याकडून आणखी जाड काच आणली. या घरात त्यानंतर त्या अवयवाचं नाव निघालं नाही. काजळ संपलं तरी ती मुकाट्याने आणायची.

त्या सकाळी गटात चंद्राचा विषय पेटला. कुणीतरी लिहिलं, चंद्रावर आहे काय, दगड. थोरल्याला हे आपल्या घराण्याबद्दल बोलल्यासारखं लागलं. काल त्याने एक फोटो साठवून ठेवला होता. त्याने फोन नाकाजवळ नेला, बोट सरकवत सरकवत एक राखाडी, सुरकुत्यांचा गोळा शोधला, आणि पाठवून दिला. मग फोन तोंडाशी धरून खणखणीत आवाजात सांगितलं, “हा घ्या चंद्राच्या दक्षिण टोकाचा फोटो. या वळ्यांच्या सावलीत बर्फ आहे. डोळे असतील तर बघा.”

तिचा फोन मांडीवर थरथरला. तिने बघितलं आणि चाकाच्या पेडलवरचा पाय निघाला.

ती एका तोंडातल्या टाळूची प्लास्टरची छाप होती. डॉक्टरला दाखवायला थोरला प्रत्येक साच्याचा फोटो काढून ठेवत असे, त्यातलीच एक. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईंचं. त्या लॅबमध्ये मागच्या दाराने यायच्या, डोक्यावरून पदर घेऊन, आणि जाताना दरवेळी म्हणायच्या, “माझ्या विद्यार्थ्यांना कळता कामा नये हं.”

गट खिदळायला लागला. थोरल्याच्या फोनमधली बाई एकाही शब्दावर जोर न देता वाचत सुटली. “चंद्राला टाळू असते हे आजच कळलं.” “बर्फ नाही, कालचा भात असेल.” मग “कुलूप म्हणतात, फोटो ताबडतोब काढा. त्यावर नाव आहे.”

“बघ,” थोरला बायकोला म्हणाला, “पुरावा दिला की याला काढायला हवा. खरं बोचतं.”

“अहो, काढा ना तो.”

“का?”

ती थांबली. चंद्र नाही म्हटलं की पुढचं सगळं म्हणावं लागणार होतं. “उगाच... लोक हसतायत,” ती म्हणाली.

“तूही त्याची वकील? घरात शत्रू, गटात शत्रू.” तिने फोनकडे हात नेला तसा त्याने तो ओढून छातीशी धरला, आणि तो तिथेच वाजायला लागला.

त्याने स्पीकर लावला. गाणाऱ्या बाईंचा आवाज पट्टी सोडून गेला होता. “माझं तोंड चव्हाट्यावर मांडलंत? क्लासच्या मुलीच्या वडिलांनी पाठवलं मला! चंद्र म्हणून! थट्टा करायला मीच सापडले?”

“बाई, कसलं तोंड? मी तर...”

“नाव आहे माझं त्यावर!” फोन बंद झाला.

 थोरल्याने फोन पुन्हा नाकाजवळ नेला, लांब केला, जवळ केला. त्याचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. तिला वाटलं, कळलं. पण माणूस किती लांबून वळसा घालेल याचा तिला अंदाज नव्हता.

“अस्सं,” तो म्हणाला. “फोन इथे उघडा पडलेला असतो. पासवर्ड नाही. मी हात धुवायला गेलो आणि कुणीतरी माझा चंद्र काढून हे घुसडलं. मला खोटं पाडायला बिचाऱ्या बाईची अब्रू घेतली. विचार त्याला! मोठा खासगीपणाचा पुळका येतो ना? विचार!”

“अहो, ते कशाला...”

“विचार म्हणतो ना! आणि सांग, आज संध्याकाळी त्याचं टेबल या खोलीच्या बाहेर. बाबांची लॅब आहे ही, चोरांची नाही. आता माझ्या कामाला याचा हात लागता कामा नये.”

सिंकवर तिने सकाळी ठेवलेली ताटली तशीच होती. तीत मेणाचा जबडा, आणि पुढचे दोन दात एकमेकांकडे पाठ करून उभे.

खिडकीखाली खुर्ची सरकली. धाकटा उठला. हाताला प्लास्टर वाळून पांढरं झालेलं. तो दोन टेबलांमधून चालत आला, वहिनीला ओलांडून, आणि थेट भावापुढे उभा राहिला. एवढ्या काळात पहिल्यांदाच त्याने मधलं माणूस वगळलं.

“हो,” तो म्हणाला. “मीच टाकला. काय करणार आहेस?”

थोरल्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद पसरला. त्या आनंदाने तो कितीतरी म्हातारा दिसला. “ऐकलंस?” तो बायकोच्या दिशेने, पण तिच्या बाजूच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाला. “कबूल झाला. नीच! सख्खा भाऊ म्हणे.”

“नीच तर नीच,” धाकटा म्हणाला. “टेबल उचलतो. तुझा चंद्र तुला लखलाभ.” त्याने सिंककडे बघितलं, मग वहिनीकडे. नजरेत राग होताच, तिच्यावरसुद्धा. गप्प राहा, असं ती नजर दटावत होती.

आणि ती राहिलीही असती. इतके दिवस राहिलीच होती. पण उद्यापासून त्या ताटलीचं काय करायचं, हे तिला सुचेना. आणि परवा त्या माणसाचं काय करायचं, जो आताच रिकाम्या स्टुलाशी बोलला.

तिने हातातली कवळी खाली ठेवली. उठून ती नवऱ्याच्या अगदी समोर गेली, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवला.

“भाऊजींनी नाही टाकला,” ती म्हणाली. “तुम्ही टाकलात. तुम्हाला दिसत नाही.”