घरच्यांना सूट नाही

"वाचून घे आणि सही कर," मजीदभाय म्हणाला. स्टॅम्पपेपर उडू नये म्हणून त्याने आधी पंखा बंद केला होता.

केरू नुकताच डार्करूममधून बाहेर आला होता. डोळे उजेडाला सरावले नव्हते, बोटांना हायपोचा, फोटो धुवायच्या औषधाचा, वास होता. कागद वकिलाकडून टाइप करून आणलेला. मजकूर सरळ होता. स्टुडिओत कोण आलं, कुणाचा फोटो निघाला, त्यात काय दुरुस्ती केली, हे बाहेर कुणापाशी बोलणार नाही. बोललो तर नोकरी जाईल आणि नुकसानभरपाई द्यावी लागेल.

"भाय, इतकी वर्षं झाली. माझ्या तोंडातनं कधी काय गेलं?"

"तुझ्या नाय गेलं. बाबल्याच्या गेलं ना? आता जो माझ्याकडं काम करील तो सही करील. मग तो माझा जावई का असंना."

"घरी पण बोलायचं नाय?"

"घरीच तर बोलतात माणसं," मजीदभाय म्हणाला.

बाबल्या म्हणजे स्टुडिओतला दुसरा मदतनीस. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. एका मुलीच्या स्थळाच्या फोटोवर पेन्सिल मारली आहे, असं तो चहाच्या दुकानात हसत हसत बोलून गेला. ते जिथे पोचायचं तिथे पोचलं आणि मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा बाप दुसऱ्या दिवशी आला. भांडला नाही, ओरडला नाही. स्टुडिओच्या पायरीवर बसला आणि दुपारची गाडी यायची झाली तसा उठून गेला. बाबल्याची नोकरी गेली, पण त्या बापाला त्याचा काय उपयोग?

रत्नागिरीत रंगीत फोटो येऊन थोडी वर्षं झाली होती. पण ते धुवायला मुंबईला जात, महाग पडत. स्थळाचे फोटो अजून काळे-पांढरेच निघत आणि काळ्या-पांढऱ्यावर पेन्सिल मारण्यात केरूचा हात धरणारं कुणी नव्हतं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने हलके ठिपके दिले की चेहऱ्यावरचा काळा डाग फोटोत उजळून निघतो. देवीचे व्रण, तीळ, भाजल्याच्या खुणा त्याने किती जणींच्या पुसल्या असतील. आणि पुसल्या हे कुणालाही सांगितलं नव्हतं. तरी आता कागद. केरूला अपमान झाल्यासारखं वाटलं, पण भांडायचं वय राहिलं नव्हतं. त्याने सही केली.

पुढच्याच आठवड्यात नाटे गावाकडची गंगा आपल्या मुलीला, जनीला, घेऊन आली. जनीच्या डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा काळपट डाग होता.

"रांगत हुती तवा चुलीत पडली," गंगा म्हणाली. "पोर गुणाची हाय हो. पण फोटू जातो नि परत येतो. तेवढं काय ते करा."

आई रडत होती, पोर मात्र रडत नव्हती. फोटो झाल्यावर तिने बसायचं बाकडं आपण होऊन उचलून भिंतीशी ठेवलं आणि आईची पिशवी हातात घेतली. केरूने दोन दुपारी खर्चून डाग काढला. काम सुरेख झालं, हे त्याचं त्यालाच कळलं.

शिमगा झाल्यावर केरूची धाकटी बहीण हौसा लांज्याकडून एसटीने आली. केरूची बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. स्वतःचं म्हणावं असं हौसाचं घर तेवढं होतं. तीही विधवा. तिचा मुलगा शिवा मुंबईला गोदीत कामाला होता. हौसाने कुळथाचं गाठोडं खाली ठेवलं आणि पदराआडून फोटो काढला.

"दादा, शिवासाठी पोरगी. बग कशी हाय ती."

केरूने फोटो हातात घेतला. जनी होती. स्वतःची पेन्सिल त्याला ओळखू आली नसती तरच नवल.

"तुमी कोण बघून आलात?"

"बापय गेलते चौघं. चांगली म्हनाले."

पुरुषमाणसं काय बघणार? दिवेलागणीला जाऊन पोचलेले. पोरगी डोक्यावरून गालापर्यंत पदर घेऊन चहा देऊन गेली. चौघांनी गोठा बघितला, पडवी बघितली, आंब्याची कलमं मोजली. मुलीचा चेहरा बघणं हे फोटोचं काम.

"हौसा, तू एकदा दिवसाउजेडी जाऊन ये."

"का? काय हाय?"

"काय नाय. आपली जाऊन ये."

"मानसं जाऊन आल्यावर मी गेले तर इस्वास नाय असं हुईल." मग ती हसली. "आनि तुज्या दुकानातला फोटू हाय. मागं शिक्का हाय. तू पोरीला बघितलीच असशील. कशी हाय तेवडं सांग, म्हंजे झालं."

इकडे आड आणि तिकडे विहीर. सांगावं तर कागद मोडतो, नोकरी जाते. पण कागदाचं एक वेळ राहू दे. केरूच्या डोळ्यांपुढे पायरीवर बसलेला तो बाप येत होता, आणि आता पायरीवर गंगा येऊन बसली असती. न सांगावं तर समोर बसलेली पाठची बहीण, जिने आजवर त्याच्या शब्दापुढे दुसरा शब्द काढला नव्हता.

"पोर चांगली हाय," केरू म्हणाला.

ते खरं होतं. पण खरं बोलूनही त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

लग्न रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या दारात, हौसाच्या खळ्यात होतं. "केरूच्या भाच्याचं लगीन, फोटो माझ्याकडनं," असं म्हणून मजीदभाय स्वतः कॅमेरा घेऊन आला. फ्लॅश धरायला केरू होताच. मंगलाष्टकांच्या वेळी मात्र तो मामा म्हणून शिवाच्या पाठीशी उभा राहिला. अंतरपाट खाली आला. जनीने मान वर केली, तसा पदर सरून डावा गाल उजेडात आला. मांडवात कुजबुज पसरली.

शिवाचे हात माळ घेऊन तसेच राहिले. केरूला त्याची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. मग शिवाने श्वास सोडला आणि माळ घातली. तीन दिवसांच्या रजेवर आलेला माणूस, मोडून तरी काय करणार? की त्याला खरंच चाललं? केरूला ते कधीच कळलं नाही.

हौसा त्याला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"दादा, तुला म्हाईत हुतं?"

हो म्हणावं तर ते सांगणं झालं, नाही म्हणावं तर खोटं.

"म्हाईत हुतं," हौसाच म्हणाली. "अख्ख्या गावाला मी सांगितलं, माज्या भावानं बघितलीय पोरगी."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने डोळ्यांना पदरही लावला नाही, वळून पंगतीचं बघायला गेली.

मजीदभाय वायर सोडवत होता. त्याने सगळं ओळखलं होतं. "अरे, मला तरी बोलायचंस! बहिणीची गोष्ट. मी काय तुला फासावर दिला असता?"

"कागदात घरच्यांना सूट नव्हती, भाय."

मजीदभाय नुसती वायर गुंडाळत होता आणि पुन्हा सोडवत होता.

घरच्यांच्या फोटोची वेळ झाली. नवरा-नवरी मधे, बाजूला हौसा, दीर, जावा. मजीदभायने मुद्दाम मोठ्याने हाक दिली, "मुलाचा मामा! केरू, फ्लॅश दे कुणाकडं तरी, तू उभा ऱ्हा तिकडं."

केरूने फ्लॅश खाली घेतला.

"मामाच्या जागी इठू उभा ऱ्हाईल," हौसा म्हणाली. विठू तिचा चुलत भाऊ. आवाज चढला नव्हता, सगळ्यांना ऐकू गेला एवढंच. "त्यांचं काम त्यांना करू दे."

दादाचा 'त्यांना' झाला. विठू अवघडून पुढे आला, हौसाच्या शेजारी उभा राहिला. केरूने फ्लॅश पुन्हा उचलला. सवयीने तो नवरीच्या उजव्या अंगाला गेला, म्हणजे डावा गाल सावलीत जाईल.

जनीने त्याच्याकडे बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "ह्या बाजूला या."

हौसा समोर बघत होती. केरू वायर सांभाळत सगळ्यांना वळसा घालून डाव्या अंगाला आला आणि फ्लॅश जमेल तितका उंच धरून उभा राहिला.