बाबांच्या वरच्या दोन कोऱ्या चौकटी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची बिजागरी तुटली आहे, त्यामुळे भिंतीला टेकवल्याशिवाय मला बसता येत नाही. माझी पहिली सहा वर्षं एका चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर जपण्यात गेली. "हा कधी दगा देत नाही," असं मालक येईल त्याला सांगायचे. मग नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी थेट माळ्यावर झाली.

तिथून मला दुकानात काचा घासणाऱ्या बाईने घरी नेलं. घरात सगळे तिला 'चष्मेवाली' म्हणत. तिला वंशवृक्षाचा नाद लागला होता. एका संकेतस्थळावर ती नातेवाइकांची नावं चौकटींत भरायची. आईची बाजू खापरपणजीपर्यंत पोहोचली. बाबांच्या वर मात्र दोन कोऱ्या चौकटी होत्या. बाबा सुतार, वय अठ्ठ्याहत्तर, वाढलेले अनाथाश्रमात.

"बाबा, या नळीत थोडी थुंकी द्यायची. त्यातला डीएनए तपासतात. कुणी रक्ताचं असेल तर कळतं."

"ज्यांनी मला टाकलं, त्यांच्यासाठी मी थुंकीसुद्धा वाया घालवणार नाही," बाबा म्हणाले.

चष्मेवालीने विषय सोडला. महिन्याभराने बाबाच माझ्याजवळ येऊन बसले. "डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणाला हृदयविकार होता का? मला काय ठाऊक? आण ती नळी."

सात आठवड्यांनी निकाल आला. बावन्न वर्षांची एक अनोळखी बाई, जुळणी पंचवीस टक्के. खाली लिहिलं होतं : नात, पुतणी, भाची किंवा सावत्र बहीण. चष्मेवाली कागदावर एकेक नातं खोडू लागली. "नात नाही. मी एकुलती, मला मूल नाही." बाकीची तीन राहिली. कुतूहलाने की काय, माझा पंखासुद्धा घरघरू लागला. शेवटी तिने त्या बाईला चार ओळी लिहिल्या.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'माझ्या आईला एक तान्हा भाऊ होता. आजी वारली, म्हणून आजोबांनी त्याला आश्रमात ठेवलं. सहा महिन्यांनी ते न्यायला गेले, तेव्हा बाळ दगावलं असं सांगण्यात आलं. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिला तुमच्या वडिलांशी बोलायचंय.'

रविवारी सकाळी माझ्या पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई आली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

"कुठं होतास रे इतकी वर्षं?" ती रागावूनच म्हणाली.

"तुम्ही... खरंच मला न्यायला आला होतात?"

"आलो होतो की! मी साडेपाच वर्षांची होते. येताना बाळ माझ्याच मांडीवर बसणार, यावरून मी वडिलांशी बसमध्ये भांडले होते. परत येताना मांडी रिकामीच राहिली."

बाबांनी पडद्यावर हात ठेवला. "ताई," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी जन्मभर परक्यांसाठीच वापरला होता.

आता त्या चौकटींत आईवडिलांची नावं आहेत. हृदयविकार वडिलांना होता, हेही कळलं.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना त्यांच्या माणसांबद्दल विचारा. नको म्हणाले, तर थांबा; चष्मेवाली थांबली होती. पण विचारायचंच राहून गेलं, असं होऊ देऊ नका. मी कितीही शोधलं, तरी मला फक्त नाव सापडतं. त्या रिकाम्या मांडीची गोष्ट ताईंनाच ठाऊक होती.