डावीकडची खिडकी

"ताई, आज तरी सरकला का नंबर?"

लाँड्रीत कामाला असलेली ती पोरगी सलग चौथ्या दिवशी काउंटरशी उभी होती. दिवस भरत आलेले, नवरा सहा-सहा महिने बोटीवर. बाळंतपणाला आई येणार होती, तर आईचं शुक्रवारच्या विमानाचं तिकीट वेटिंगवर. वेटिंगमध्ये नंबर एक. बेटावर आठवड्याला दोनच विमानं यायची, आणि डॉक्टरांनी तारीख दिली होती सोमवारची.

"नाही गं. विमान फुल्ल आहे," तिकीटताई म्हणाली. सगळं बेट तिला ह्याच नावानं ओळखायचं.

विमान फुल्ल होतं, हे काही खोटं नव्हतं. फक्त बाराव्या रांगेतली डावीकडची खिडकी तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या नावावर होती, आणि अप्पांना जाऊन आज आठ दिवस झाले होते.

अप्पांनी पस्तीस वर्षं बसवर कंडक्टरकी केली. पाच वर्षांपूर्वी ती बेटावरच्या ह्या ट्रॅव्हल एजन्सीत नोकरीला निघाली, तेव्हा सगळ्या आत्या-काकांनी नाकं मुरडली. अप्पा तेवढे म्हणाले, "बापानं बसची तिकिटं फाडली, पोर विमानाची फाडेल. त्यात रडायचं काय?" मग दर रविवारी फोन. "काय गं, बस वळवायला तरी जागा आहे का तुझ्या त्या बेटावर?" ती म्हणायची, "या आणि बघा." की लगेच अप्पांचे गुडघे दुखायला लागायचे, नाहीतर घराचं छप्पर गळायला लागायचं. "बघू पुढच्या वर्षी. चला, डबल बेल!" म्हणून फोन खाली. ह्या वर्षी मात्र गडी कबूल झाला. उतरताना बेट डावीकडून दिसतं, हे तिनं शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. अप्पांसाठी तिनं ती खिडकी स्वतः निवडली.

भावाचा फोन आला तेव्हा त्या दिवशीचं विमान उडून तास झाला होता. पुढचं तीन दिवसांनी.

"ताई, तीन दिवस कसं थांबवायचं गं त्यांना?" धाकटा हुंदके देत म्हणाला.

थांबवता येत नाही, हे तिलाही कळत होतं. सगळ्या दुनियेला वेळेवर पोचवणारी बाई स्वतःच्या बापाला पोचवायला गेली नाही, हे मात्र तिच्या काळजात रुतून बसलं.

तेव्हापासून तिनं त्या तिकिटाला हात लावला नव्हता. रोज सकाळी आल्या आल्या स्क्रीनवर नाव बघायची. नाव होतं तोवर अप्पा शुक्रवारी येणार होते. शुद्ध वेडेपणा! पण कळतं तरी वळत नाही, तशातली गत. मालक बिचारे भले, नुसतं एकदाच म्हणाले, "बाई, मी काही बोलत नाही. तुमचं तुम्हीच ठरवा."

लाँड्रीवाली अजून तिथंच उभी होती. सुजलेला एक पाय दुसऱ्यावर घासत म्हणाली, "आई म्हणते, उभ्यानं येते, पण येते. विमानात उभं राहू देतात का हो, ताई?"

तिकीटताईला हसू आलं, आणि त्याच क्षणी अप्पा आठवले. 'खाली माणूस उभा असताना सीट रिकामी नेली, तर कंडक्टरला घास गोड लागू नये.' अप्पांचं हे वाक्य लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकलेलं.

"तू आधी बस बघू त्या खुर्चीवर," ती म्हणाली.

तिनं अप्पांचं तिकीट उघडलं. रद्द केलं. नक्की का, असं यंत्रानं पुन्हा विचारलं. तिनं 'हो' दाबलं.

"डबल बेल, अप्पा," ती पुटपुटली, आणि आठ दिवसांचं दाबलेलं रडू भर ऑफिसात फुटलं.

"अगं बाई! ताई, काय झालं हो?"

"काही नाही," तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझी आई येतेय. शुक्रवारी. खिडकीपाशी बसून."

शुक्रवारी ती पोरीबरोबर विमानतळावर गेली. कामच होतं म्हणा, पोरीला एकटीला कसं सोडायचं? म्हातारी दोन गाठोडी सांभाळत बाहेर आली. मायलेकी गळ्यात पडून पोटभर रडल्या. तिकीटताई जरा बाजूला उभी राहिली. मग तिच्यानं राहवेना.

"मावशी, खिडकीतून बेट दिसलं का हो?"

"कसलं दिसतंय! जीव मुठीत धरून बसले होते, डोळे गच्च मिटून."

तिकीटताईचा चेहरा उतरला.

"उतरताना शेजारच्यानं हलवून हलवून दाखवलं, तेव्हा बघितलं एकदा," म्हातारी म्हणाली. "एवढुसं गं बाई! मी म्हटलं, इथं विमान वळणार तरी कुठं?"

तिकीटताईनं तोंडावर हात धरला.

"आहे, मावशी," ती म्हणाली. "वळण्यापुरती जागा आहे."

मग तिनं म्हातारीच्या हातातलं जड गाठोडं घेतलं आणि ती त्या दोघींच्या पुढे चालू लागली.