ओटीच्या वेळची आमटी

"फुलं यांच्याच हातची हवीत सगळ्यांना, पण ओटीच्या वेळी यांना ठेवायचं कुठं?"

आवाज सुचित्रावहिनींचा, पडद्यापलीकडून. अलीकडे जमिनीवर बसून कालिंदी रजनीगंधा ओवत होती.

"आमटीला ठेवू," वहिनींच्या जाऊबाई म्हणाल्या. "लागेल म्हणावं, बघा जरा. सगळे तेच करतात."

कालिंदीनं दोरा दातानं तोडला. कलकत्त्यात आल्यापासून तिनं किती घरच्या आमट्या राखल्या, आणि एकही कधी लागली नव्हती.

इथल्या मराठी घरांत कुणाचं डोहाळजेवण निघालं की फुलांची वाडी कालिंदीकडे. मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळे दागिने फुलांचे, आणि ते बंगाली माळ्याला सांगून समजत नाहीत. पहाटे हावड्याच्या पुलाखालच्या फुलबाजारातून टोपली भरून आणायची, ओवायची, पोरीला सजवायची. मग ओटीला लेकुरवाळ्या पुढे आणि कालिंदी स्वयंपाकघरात. तोंडावर कुणी कधी लागेलसं बोललं नाही. माणसं सभ्य होती.

खरं तर लग्नाआधीच दोघांचं ठरलं होतं, मूल नको. कारण विचाराल तर मोठं दुःख वगैरे काही नाही. तिला नको होतं, श्यामकांतलाही नको होतं. पण बँकेच्या बदलीनं इथं आल्यावर पहिल्यांदा कुणी विचारलं, तेव्हा श्यामकांतनं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय." कुणाबद्दल सांगितलंय ते बोलला नाही. त्याची गरज नसते. लोक आपोआप बाईकडेच बघतात.

प्रश्न थांबले म्हणून कालिंदीही गप्प राहिली. त्या दिवसांत भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले असत. दोन किंवा तीन पुरेत, असं सरकार म्हणे. एकही नको म्हणणाऱ्यांसाठी त्रिकोण नव्हता.

सजवून घेताना लीना पुतळ्यासारखी उभी होती. सुचित्रावहिनींची ही एकुलती एक मुलगी, इथेच डमडमला वाढलेली. बर्दवानच्या कॉलेजात नुकती शिकवायला लागली होती, ती नोकरी गेल्या महिन्यात सोडली. सोडली की सोडायला लावली, हे कुणी विचारलं नव्हतं.

"घट्ट होतंय का गं?" कालिंदीनं कंबरपट्टा बांधत विचारलं.

"नाही मावशी. बांधा." मग थोड्या वेळानं, "तुमच्या घरी किती शांत असतं ना. मला तिथे वाचायला आवडायचं."

"ये की मग."

"आता कशी येऊ," लीना म्हणाली आणि आरशातून नजर काढून घेतली.

बायका जमल्या. लीना पाटावर बसली. तबकात नारळ, खण, तांदूळ. सुचित्रावहिनी वळल्या. "कालिंदीताई, आमटी जरा..."

"आधी मावशी भरतील माझी ओटी," लीना म्हणाली.

खोलीतल्या बांगड्या थांबल्या.

"अगं, त्यांचंही होईल. मागून."

"मागून कधी? मागून त्या किचनमध्ये असतात. मी लहानपणापासून बघते."

वहिनींनी कपाळावर हात मारला नाही इतकंच. पुरुष बाहेरच्या खोलीत पान खात होते. दाराशी जाऊन त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा हो. पहिलटकरीण आहे, उगाच हट्ट करते. आम्ही काय मुद्दाम करतो का?"

श्यामकांत दारात आला. सगळ्या बायका पाहून त्याचा आवाज सवयीनं खाली आला. "जाऊ दे कालिंदी. लोकांना उगाच अडचण. डॉक्टरांनी सांगितल्यावर आपण तरी..."

"कुठले डॉक्टर?" कालिंदीनं विचारलं.

त्यानं तोंडातलं पान गालात सरकवलं.

"सांगा ना, नाव काय त्यांचं? मलाही एकदा भेटायचंय."

"कालिंदीताई, असू दे हो," जाऊबाई मध्ये पडल्या. "देवाच्या मनात नव्हतं."

"देवाला कशाला मध्ये घेता? त्याला आम्ही विचारलंच नव्हतं. आम्हाला मूल नको होतं. दोघांनाही. ठरवून."

मग सुचित्रावहिनी पुढे आल्या, त्यांनी कालिंदीचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "बोला, बोलून मोकळ्या व्हा. दुःखात माणूस असंच बोलतं. तुमच्यासाठी मी कालीघाटला नवस बोलले होते, माहितेय?"

कालिंदीनं दाराकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. श्यामकांतनं चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. "भावनेच्या भरात बोलते ती," तो हळूच म्हणाला. बाहेर कुणीतरी बँकेतल्या कुणाविषयी विचारलं, त्याचं उत्तर द्यायला तो लगबगीनं वळला.

"बघा, आमटी बघा तुम्ही," वहिनी मायेनं म्हणाल्या. "तोंडावर पाणी मारा जरा."

कालिंदी हात सोडवून घेत होती.

"आई, सोड त्यांना. त्या खरंच सांगताहेत." लीना पाटावरच बसून होती, फुलांचा मुकुट जरासा कलंडलेला. तिनं आईकडे बघितलं नाही, तबकातल्या नारळाकडे बघत म्हणाली, "मलाही नको होतं."