काळा होतो, पांढरा झालो

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. मला पाहून तुम्हाला ते पटणार नाही, कारण मी पांढरा आहे. पण माझ्या कडेला जरा नख लावून पाहा, आतला काळा रंग दिसेल. तोच मी.

एका सुताराने मला घडवले. फळ्या जोडल्या, रंधा मारला, काळ्या रंगाचे हात दिले आणि चौकटीवर थाप मारून म्हणाला, "शाळेत चालला आहेस, नीट वाग." मग चौघांनी मिळून मला या वर्गाच्या भिंतीवर चढवले. तेव्हापासून मी उभा आहे. वर्गात सगळ्यांना 'बसा' म्हणतात, मला कधी कोणी म्हटले नाही.

सुरुवातीची वर्षे कष्टाची, पण समाधानाची होती. कोपऱ्यात तारीख, वर सुविचार, खाली हजर मुलांची संख्या, आणि मग दिवसभर बेरजा, नद्या, कविता. एक सर इतकी सरळ ओळ लिहीत, की तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्याकडे बोट करून म्हटले, "फळा असावा तर असा." सरांनी नम्रपणे मान खाली घातली. मी मात्र फुगलो. पुढे भिंतीची ओल लागून खरोखरच फुगलो, तेव्हा कोणी कौतुक केले नाही.

हळूहळू माझा रंग उडाला. खडू घसरू लागला. मागच्या बाकावरून आवाज येई, "सर, तो सहा आहे का आठ?" आणि दमलेले सर म्हणत, "तुझ्या उत्तराला जो लागेल तो घे."

अशात या वर्गाला नव्या बाई आल्या. वयाने काही नव्या नव्हत्या. मधल्या सुट्टीत घरी फोन लावून "आईंनी औषध घेतलं का? सगळं घेतलं की थुंकलं?" असे विचारत आणि डबा न उघडताच पुन्हा शिकवायला उभ्या राहत. एकदा त्या भागाकार शिकवत होत्या. तिसऱ्यांदा शिकवत होत्या. तेव्हा सगळे ज्याला बडबड्या म्हणतात तो मुलगा उठला. "बाई, हे जगात फक्त आम्हालाच येत नाही का हो?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

शाळा सुटल्यावर त्यांनी मुख्याध्यापकांना वर्गातच गाठले. "सर, समाजमाध्यमावर आपल्या वर्गाचं एक पान उघडू या. आपली मुलं अडलेले प्रश्न टाकतील, दुसऱ्या शाळांतली मुलं उत्तरं देतील. त्यांचे प्रश्न आपली सोडवतील. आपण एकटेच ढ नाही, एवढं तरी कळेल त्यांना."

"आणि सगळ्या वर्गाला दाखवणार कशावर?"

"प्रोजेक्टर आहे ना कपाटात."

"आहे. पडदा उंदरांनी खाल्ला."

"मग भिंतीवर?"

"पोपडे बघा भिंतीचे. नदी दाखवायला जाल, तिथं डोंगर दिसेल." मुख्याध्यापक माझ्यापुढे येऊन थांबले. "हा तसाही कामातून गेलाय. पांढरा करून टाका याला."

मग खडूचे काय, हा प्रश्न दोघांनाही सुचला नाही. मला सुचला होता, पण मला कोण विचारतो?

जाता जाता मुख्याध्यापक म्हणाले, "मात्र बाई, पालकांना विचारल्याशिवाय पान उघडायचं नाही. ते नाही म्हणाले, तर विषय तिथंच संपला."

शिपाईमामांनी मला पांढऱ्या तेलरंगाचे दोन हात दिले. वासाने मुलांची डोकी दुखली. मला तर उघड्यावर उभे केल्यासारखे वाटत होते. पण रंग वाळल्यावर बाईंनी प्रोजेक्टर लावला, आणि माझ्या अंगावर समुद्र हलला. इतकी वर्षे माझ्यावर समुद्र काढला गेला होता, हलला कधीच नव्हता. बडबड्याने तर पाय उचलून बाकावर घेतले. थकलेल्या जिवाला एवढे मिळाले, ही देवाची कृपाच म्हणायची.

पान उघडायचे की नाही, हे विचारायला पालकांची सभा भरली. मोठी माणसे मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. बाईंनी प्रोजेक्टरचे बटण दाबले. टक असा आवाज झाला, जळका वास आला आणि त्याचा दिवा गेला.

बाईंनी सवयीने खडू उचलला आणि माझ्यावर भराभर लिहिले. पांढऱ्यावर पांढरे.

"बाई, लिहिलंत की लिहायचंय अजून?" मागून एका वडिलांनी विचारले, आणि सगळी सभा हसली. मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. बाईंचा हात माझ्यावर तसाच टेकलेला होता. 

तेवढ्यात शिवणकाम करणारी एक आई उठली. "चित्र राहू द्या, बाई. तोंडीच सांगा. माझ्या धाकटीचा फोटो त्या पानावर टाकलात, तर तो कोण कोण बघणार?"

"दुसऱ्या शाळांतली मुलं, त्यांचे शिक्षक..."

"आणखी कोण?"

बाईंनी खडू खाली ठेवला.

"नाही, विचारते एवढ्यासाठी, की मोठीनं शाळेच्या नाटकात मिशी लावली होती. कुणी फोटो काढला, कुणी कुणाला पाठवला, पत्ता नाही. सगळी गल्ली तिला 'मिशीवाली' म्हणायला लागली. शाळा सोडली तिनं. आता माझ्याजवळ बसून काजं करते."

बाईंचे भाषण तयार होते. आदल्या दिवशी त्यांनी ते माझ्यासमोर म्हणूनही पाहिले होते. त्यातले एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत. "ताई, खरं सांगू? कोण कोण बघेल, ते मला माहीत नाही."

मुख्याध्यापक खोकले.

"मग कशाला हे झंझट?" मागचे वडील म्हणाले.

बाईंनी भागाकाराच्या तासाला काय झाले ते सांगितले. "दादा, मी तीनदा शिकवलं. चौथ्यांदाही शिकवीन. पण आपल्यालाच येत नाही असं मुलांच्या मनानं घेतलंय, ते माझ्या एकटीच्यानं निघत नाही."

त्या वडिलांनी कान खाजवला. मग म्हणाले, "आमचंच कार्टं असणार ते. घरी पण तेच म्हणतं."

शिवणाऱ्या आईने थोडा विचार केला. "मग चेहरे कशाला हवेत? प्रश्नच टाका नुसते. नावंही नकोत. आणि लिहून ठेवा, उद्या विसराल."

"कशानं लिहू?" बाई कसनुशा हसल्या.

त्या आईने पिशवीत हात घातला आणि कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू पुढे केला. बाईंनी माझ्यावर लिहिले: चेहरा नाही. नाव नाही. फक्त प्रश्न.

"आणि कुणी हसायचं नाही," ती आई म्हणाली.

"ते माझ्या हातात नाही, ताई."

"तुमच्या वर्गापुरतं तरी?"

"वर्गापुरतं बघते," बाई म्हणाल्या, आणि तेही लिहिले.

मग हात वर झाले. त्या आईचा सगळ्यांत शेवटी, आणि तोही अर्धाच. पण झाला.

तो खडू मेणासारखा होता. शिपाईमामांनी घासघासून पाहिला, गेला नाही. बाई म्हणाल्या, "राहू द्या, मामा." दिवा बदलला, पान उघडले. पुढे एका लांबच्या शाळेतून कोणीतरी लिहिले, "आम्हालाही भागाकार येत नाही. तुम्ही ते शून्य कधी देता?" ते वाचून बडबड्या बाकावरच उभा राहिला. आता माझ्यावर समुद्र आला काय, नकाशा आला काय, त्याच्यातून ती निळी अक्षरे दिसतातच. रोज तास सुरू होताना बाई मुलांकडून ती वाचून घेतात. 'कुणी हसायचं नाही' इथे आले, की कोणीतरी फिसकन हसतेच. बाई डोळे मिटतात, एक श्वास घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावतात.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे. खिळे सैल झाले आहेत. मला पुन्हा काळे करा, असे मी म्हणत नाही. माझे मागणे एवढेच आहे. माझ्यावर काही चुकीचे लिहिले, तर ओल्या फडक्याने भागत असे. तुमच्या हातातल्या त्या लहानशा काचेवरून गेलेले हसे पुसायला मात्र फडके नसते. म्हणून कोणाचा चेहरा पुढे पाठवण्याआधी त्याला एकदा विचारा. समोर नसेल, तर तो येईपर्यंत थांबा. तो नको म्हणाला, तर राहू द्या.