अँथूलाची निर्जळी

आमच्या बेटावर ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचे पहिले तीन दिवस काही बायका निर्जळी धरतात. सोमवारी सुरू, बुधवारी संध्याकाळी चर्चमधून आल्यावर उपास सोडायचा. पाद्रीबाबा दरवर्षी बजावतात, आजाऱ्याला हा उपास नाही. पण आजारी म्हणवून घ्यायला कोणाला आवडतं?

माझी धाकटी बहीण अँथूला आठ वर्षं मनाच्या आजारासाठी लिथियमच्या गोळ्या घेते. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, मीठ आणि पाणी रोजच्याइतकंच हवं, कमी पडलं तर औषध रक्तात साचतं. तिच्या ताटावर पहारा माझा. त्या पहाऱ्याचा मला वीट आला होता, हे आधीच कबूल करते.

रविवारी जेवताना ती म्हणाली, "यंदा तुमच्याबरोबर मीपण निर्जळी धरणार."

"तू? दुपारपर्यंत तरी काढशील का?"

"गोळ्या नाही चुकवणार, ताई. एका घोटाबरोबर घेईन. झालं?"

"धरू दे गं," आई म्हणाली. "देवाच्या दारी सगळे सारखे."

मी ठामपणे 'नाही' म्हणायला हवं होतं. मी भांडी घासायला उठले.

सोमवारी रिवाजाप्रमाणे बाकी सगळं गाव टेकडीवर पतंग उडवत तिळाची रोटी नि ऑलिव्ह खात होतं. आमची चूल थंड. मंगळवारी अँथूलाचे हात थरथरायला लागले. "उपास भिनलाय पोरीच्या अंगात," आई कौतुकाने म्हणाली. बुधवारी सकाळी ती झोकांड्या खात दारापर्यंत गेली, ओकली, आणि मला हाक मारताना तिची जीभ अडखळली. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. तिने एकही गोळी चुकवली नव्हती, आणि पाण्यावाचून तीच गोळी तिचा घात करत होती.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "घरात कोणालाच ठाऊक नव्हतं?"

"मला होतं," मी म्हणाले. आईने मान वर केली नाही.

दुपारी अँथूला शुद्धीवर आली. हातातली सलाइनची नळी बघून तिने विचारलं, "ताई, हे पाणीच ना? मोडला का गं माझा उपास?"

"नाही गं राणी," आई घाईने म्हणाली, "तोंडातून कुठे गेलंय?"

अँथूलाचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. पुढच्या वर्षी ही परत धरणार.

"मोडला," मी म्हणाले. "मी मोडला. पुढच्या वर्षीही मोडीन."

ती भिंतीकडे वळून हमसून हमसून रडली. मी पाण्याचा पेला तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.